तांदळातले पांढरे खडे

आई, तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं तुला पटायचं नाही. वाचणारा मधलं काहीतरी गाळतो, असा तुझा संशय. आता गाळणारा कुणी नाही, म्हणून लिहिते.

तुझा विश्वास तसा कुणावरच नव्हता. कडावच्या दुकानदाराच्या तराजूवर नाही, डेअरीतल्या मापावर नाही, शिळफाट्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरवर तर मुळीच नाही. त्याचं आणि चष्मेवाल्याचं साटंलोटं आहे, असं तू म्हणायचीस. मग मुंबईच्या प्रयोगशाळेत, काळोख्या खोलीत, लेसर नावाचा उजेड घेऊन काम करणाऱ्या मुलीवर तो कुठून बसणार? मी तुला समजावलं होतं. दूध नासतं तेव्हा आधी दूध दिसतं, मग चोथापाणी दिसतं, मधे काय झालं ते कुणाला दिसत नाही. आम्ही रसायनांचं तेच मधलं बघतो. ते डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी होऊन जातं. म्हणून उजेडाचा एक झोत मारून पदार्थाचा बारीकात बारीक कण, रेणू, फोडायचा आणि लगेच दुसरा झोत मारून त्याचे तुकडे कसे सुटतात ते टिपायचं. तू चुलीवरचं पातेलं उतरवत होतीस. "नासलं ते नासलं," म्हणालीस. "कधी नासलं ते कळून काय करनार तुमी?" आणि मग तुझा खरा प्रश्न आला, तो उजेड डोळ्यांत गेला तर काय? आम्ही चष्मा लावतो, मी म्हटलं. चष्म्याचं नाव काढल्यावर तुझा संशय आणखी पक्का झाला.

त्यानंतर मी रविवारी घरी असले की तू माझ्यापुढे सूप ठेवायला लागलीस. तांदूळ निवड, म्हणायचीस. शिकलेल्या मुलीचं घरकाम सुटू नये म्हणून हे चाललंय, असं मला आधी वाटलं. पण आपल्याच शेतातला, तूच पाखडलेला तांदूळ, त्यात एवढे खडे येतात कुठून? संशय घेणं हे तर माझं पोटापाण्याचं काम. यंत्राच्या पडद्यावर रेघ उठली की आधी विचारायचं, ही रेणूची की नुसत्या काचेची? एका रविवारी सुपात एक काळा खडा सापडला, मधे पांढरी रेघ असलेला. तो मी आदल्या खेपेलाही काढून टाकला होता. मी तो तुझ्यासमोर धरला. तू लाजलीबिजली नाहीस.

"मीच मिसळते," म्हणालीस. "दिसतंय तवर जा. ज्या दिवशी नाय दिसलं, त्या दिवशी मुंबई बंद."

पडवीत बसलेल्या बाबांनी मान हलवली. त्यांना कारणच हवं होतं. माझं लग्न त्या नोकरीपायी अडलंय, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. पुढच्या खेपेपासून तू काळे खडे सोडलेस आणि पांढरे मिसळायला लागलीस. मी इतकी चिडले होते की एकही खडा राहू द्यायचे नाही.

तुझा दुसरा पहारा माझ्या मनगटांवर. मुलीची ओकी मनगटं तुला खपायची नाहीत. तुझ्या सोन्याच्या पाटल्या तू माझ्या हातांत घातल्यास आणि काढायच्या नाहीत म्हणून बजावलंस. आमच्या खोलीत चकचकीत काही चालत नाही, झोत त्यावर आपटून कुठेही उडतो. मी तिथे पाटल्या काढून पिशवीत टाकायचे आणि कर्जत स्टेशनबाहेर टेंपोची वाट बघताना पुन्हा चढवायचे. घरी आल्या आल्या तू माझे हात उलटेपालटे करून बघायचीस.

एका सोमवारी घरून थेट कामावर गेले आणि एक पाटली बाहीखाली राहून गेली. झोत सरळ लावताना तो दिसावा म्हणून चष्मा वर करतात. करू नये, पण सगळेच करतात. आरसा फिरवायला मी हात पुढे केला, बाही मागे सरकली आणि फटकन हिरवं चमकलं. दुखलं नाही. वाचायला बसले तेव्हा कळलं, डाव्या डोळ्यानं ज्या अक्षराकडे बघावं नेमकं तेच नसतं, आजूबाजूची असतात. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार.

पुढच्या रविवारी मी गुपचूप सूप मांडीवर घेतलं. उजवा डोळा चांगला होता, खडे भराभर निघत होते, पण मान आपोआप डावीकडे वळत होती. तू बराच वेळ माझ्याकडे बघत होतीस. मग उठलीस, माझ्या मागे आलीस आणि तुझा तळहात माझ्या उजव्या डोळ्यावर ठेवलास. "आता निवड गं," म्हणालीस. मी बोटांनी चाचपडत राहिले. पांढऱ्यात पांढरं, आणि जिथे बघावं तिथे भोक. मला रडू आलं. पडवीतून बाबांनी विचारलं, सापडले का सगळे? तू हात काढलास, उरलेले खडे स्वतः वेचलेस.

"सापडले," तू त्यांना सांगितलंस. "डोळे बरे हायेत तिचे."

दुसऱ्या दिवशी तू मला रस्त्यापर्यंत सोडायला आलीस, एवढंच म्हणालीस, "येक हाय ना अजून? तो जप."

त्या नोकरीत मी पुढे खूप वर्षं काढली. पण त्या दिवसापासून माझ्यापुढे सूप आलं नाही. माझी मनगटंही तू पुन्हा कधी तपासली नाहीस, आणि मला खुपतं ते हेच. बाबांशी खोटं का बोललीस, याची मी हजार कारणं लावून पाहिली. अधू डोळ्याची मुलगी कोण करील, असा तुझा हिशेब असेल. मला सोडून द्यावं असं खरंच वाटलं असेल. कुठलंच पुरतं पटत नाही. हे कशानं झालं, असं तू विचारशील म्हणून माझं उत्तर तयार होतं. मी यंत्राला दोष देणार होते, सोन्याचं नाव काढणार नव्हते. पण जन्मभर सगळ्यांना सगळं विचारणारी तू, मला एवढं एकच विचारलं नाहीस. म्हणजे हे पाटलीनं झालं ते तुला कळलं होतं, असाच अर्थ निघतो. माझ्या कामात मी इतक्या पुराव्यावर निकाल देऊन मोकळी झाले असते. इथे मात्र, आई, मी अजून मनातून हेच मागते की माझा संशय खोटा असावा.