दादाला काहीही न देण्याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, टेपरेकॉर्डर दुरुस्त करून पोट भरलेला आणि त्याआधी बँडमध्ये ड्रम वाजवणारा, कोणीही गळ न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे मन ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. त्या मनात हल्ली फारसे काही घडत नाही, पण कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही.

१. राहते घर सामानासह माझ्या मुलीला. बाहेरचे दार पावसाळ्यात फुगते. सुताराकडून तासून घ्यावे, जावईबापूंनी लाथ मारू नये.

२. बँकेतली शिल्लकही तिलाच. तिच्या आईच्या दुखण्यातून जे उरले ते आहे. नाक मुरडू नये.

३. दुकानातली हत्यारे शेजारच्या घड्याळजीला. नेलेले पक्कड-पाने तो परत आणत नाहीच. आता ते रीतसर त्याचे होतील.

४. रेकॉर्डी. सत्तरच्या दशकातली पॉप-रॉकची गाजलेली गाणी, बहुतेक आमच्या बँडने वाजवलेली. बायको गेल्यावर एकेक लावून पाहिली. जी लागली की बायको हातातले काम टाकून नाचायची, तीही लावली. काही वाटले नाही. पाय तेवढा ताल धरत होता, सवयीने. ही तक्रार नव्हे, नोंद आहे. रेकॉर्डी मुलीने ठेवाव्यात किंवा विकाव्यात. मला पोचवताना मात्र त्यातले एकही गाणे लावू नये.

५. ड्रमसेट मुलीच्या शाळेला, म्हणजे ती शिकवते त्या. त्याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे.

ती गाणी रेकॉर्डवर नीट संपत नसत, आवाज कमी होत होत विरून जात. हॉलमध्ये माणसांसमोर असे विरता येत नाही. म्हणून शेवट आम्हीच ठरवायचो: थोरला भाऊ, म्हणजे दादा, गिटारची मान वर करी, मी झांजेवर दणका देई, आणि सगळे थांबत. रेकॉर्ड कंपनीचा माणूस आम्हाला ऐकायला आला, त्या संध्याकाळी दादाने कडव्याच्या मध्येच गिटारची मान वर केली. मी दणका दिला. निम्मा बँड थांबला, निम्मा वाजवत राहिला, नाचणारी जोडपी एकमेकांवर आदळली. तो माणूस कोट उचलून चालता झाला.

"घाम पुसत होतो मी, गाढवा!" दादा सगळ्यांसमोर ओरडला.

घाम पुसायला गिटार उचलावी लागत नाही, हे मी आजही शपथेवर सांगतो. बँड मोडला आणि आमचे बोलणेही बंद झाले. तो दोन गल्ल्या सोडून राहतो.

६. दादाला मी काहीही देत नाही. मी आजारी असल्याचा निरोप धाडला, तो आला नाही. ड्रम हवेत का, म्हणून मुलीला विचारायला पाठवले. "त्याला म्हणावं, मेल्यावरचं काही नको मला," म्हणाला.

पुढे वकीलबाईंनी सांगितले, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, आणि माझी सही त्याच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी. म्हणजे दादाला साक्षीदार केले, तर त्याला माझ्या खोलीत येऊन बसावेच लागणार. मुलगी पुन्हा गेली. "काका, तुम्हाला छदामही मिळणार नाहीये. नुसती साक्ष द्यायची," ती म्हणाली. तो "बघतो" म्हणाला.

त्याने यावे, असे मला फार वाटते. बाकी कशाचेच काही वाटत नाही, म्हणून हे कलमात घातले आहे.

आधी कुठे काही लिहून ठेवले असेल, तर ते रद्द धरावे. हेच शेवटचे.

ठिकाण: राहते घर, माझी खोली
तारीख: रविवार, १२ मार्च २०२३

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरे: थोरला भाऊ (सही)
सही माझ्यासमोर झाली. त्याने ती पडल्यापडल्या केली. कागद मी धरून ठेवला होता.