दादाला नाकारलेलं यीस्ट

४ मार्च
खोटं बोलले. सकाळी वहिनी रिकामा कॅन घेऊन दारात. "आमचं यीस्ट बिघडलंय गं. कॅनभर देतेस?" सात वर्षांत पहिल्यांदा दादाच्या घरातलं कुणी माझ्या ब्रुअरीची पायरी चढलं! आमच्या बिअरच्या धंद्यात कुणी आंबवायला यीस्ट मागितलं तर नाही म्हणत नाहीत — हाडवैरी असला तरी. मी म्हटलं, "आमचंही अशक्त झालंय, वहिनी." मागे टाकीतून फेस उतू जात होता.

५ मार्च
सात वर्षांपूर्वी वाटणीच्या वेळी दादा म्हणाला होता, "तुला बिअरमधलं काय कळतं?" ते अजून डोक्यात आहे. भोगू दे आता.

२ एप्रिल
दादाची ब्रुअरी बंद! टाक्या परगावच्या कुणीतरी उचलून नेल्या. अकरा माणसं घरी बसली. मला वाटलं, चार दिवस त्याचं अडेल, नाक मुठीत धरून स्वतः येईल. एवढंच हवं होतं मला. शपथ, एवढंच.

१९ एप्रिल
बिअरसाठी सातूचा माल्ट पुरवणारा म्हणतो, "ताई, दोघांचं मिळून ट्रक भरायचा. एकटीसाठी फेरी परवडत नाही." लेबलं छापणाऱ्याने एक मशीन बंद ठेवलंय. गोठेवाल्याला जनावरांसाठी ब्रुअरीतला उरलेला चोथा पुरेना, दोन गायी विकल्या त्याने.
आणि मी समजत होते, दादाची गिऱ्हाईकं आपसूक माझी होतील. कशाचं काय! दोन ब्रुअऱ्या होत्या म्हणून लोक लांबून गाड्या काढून यायचे. इथली प्यायचे, तिथली प्यायचे, कुणाची सरस यावरून हुज्जत घालायचे, लॉजवर मुक्काम करायचे. आता हुज्जत घालणार कशावरून?

३० एप्रिल
सरकारी बाई फॉर्म घेऊन आल्या. 'या भागाच्या अर्थकारणात आपल्या ब्रुअरीचा वाटा.' नऊ जणांना रोजगार, असं लिहिलं. किती जणांचा घालवला, हा रकानाच नव्हता. असता तरी मी कुठली खरं लिहितेय!

७ मे
दादाकडे टाक्या धुणारे काका आले. "ताई, काही जागा?" नाही म्हटलं. या वेळी खरं होतं. तरी मान वर करवेना.

१२ मे
उद्या वहिनीला सगळं सांगून टाकणार. दारातून हाकलली तर हाकलली.

१३ मे
सांगितलं. रडले. वहिनीने पाणी दिलं. म्हणाली, "यीस्ट आमच्याकडे ढीगभर होतं गं. ह्यांचे गुडघे गेले, टाकीची शिडी चढवेना. ब्रुअरी तुझ्या हाती द्यायची होती. पण सात वर्षांनी बोलणं काढायचं कुठून? तू कॅन भरून दिला असतास, तर तेवढं यीस्ट परत करायच्या निमित्ताने हे स्वतः येणार होते."