भांड्याखालची पट्टी

प्रिय व्हर्नाताई,

हे पत्र टाकणार नाही. ड्वेन तुझ्याकडे येऊन टपालाचा शिक्का बघेल.

लेकीला, जोनीला घेऊन डब्यूकचं घर सोडलं, त्याला आज चौथा दिवस. नदीकाठची गावं बदलत, खोट्या नावानं राहत कीओककला पोचलो. तिच्या दंडावर बापानं उठवलेला वळ अजून गेला नाही.

काल चर्चच्या जेवणाला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून घरून आणलेल्या काचेच्या भांड्यात, मोटेलच्या खोलीतल्या ओव्हनमध्ये बटाटे भाजून नेले. मूर्खासारखी भांडं तिथंच विसरले.

आत्ता चर्चमधल्या ग्रेटाकाकू मोटेलवर आल्या. "अगं, भांड्याखाली पट्टीवर नाव-नंबर होता, म्हणून घरी फोन लावला. नवरा किती गोड बोलतो गं! म्हणाला, भांडं न्यायला मीच येतो."

पट्टी मीच लावली होती, आईनं शिकवलं होतं तशी.

डब्यूकहून सरळ इथं यायला गाडीनं चार तास पुरतात. काकूंनी फोन सकाळी केला होता. आता दुपार झालीय.

तुझी,
आर्लीन