ट्वीटर चालू आहे, म्हणे

लातूर

प्रिय मंजुश्री,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. तुझी आई ठणठणीत आहे, मीही दोन वेळा जेवून राहिलो. आप्पाला आता पत्र लिहायची हुक्की कुठून आली, मोबाइल विहिरीत पडला की काय, असं तुला वाटेल. मोबाइल खिशातच आहे. पण त्याच्यावर टाइप करायला बसलं की दोन ओळींत अंगठा दुखतो आणि लिहायचं एक, उमटतं भलतंच. शिवाय मला जे सांगायचंय ते मलाच अजून धड उमगलेलं नाही. जसं घडलं तसं लिहीत जातो, तूच त्यातून काय ते काढ. आधी तुझ्या डब्याचं सांगतो.

नांदेडला कॉलेजच्या हॉलमध्ये तुमच्या चौघांचा कार्यक्रम ठरला, आपल्या माणसांपुढं तू पहिल्यांदाच वाजवणार, तुझ्या डबल बेससाठी लहानसा स्पीकरचा डबा मी निवडायचा आणि त्या दिवशी आवाज जुळवायला मिक्सरवरही मीच बसायचं, हे कळलं तेव्हा खरं सांगतो, मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि एकटाच बसून राहिलो. लोकांच्या लग्नाला, जयंतीला, गणपतीला जन्मभर आवाज पुरवला. गंजगोलाईत कुणालाही विचार, उमाशंकर साउंड म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. पण पोरीच्या वाजवण्याला हात लावायची ही पहिलीच पाळी. ते बिघडलं तर माझ्या धंद्याला काय अर्थ राहिला? मुरुडची केवळाबाई आत्या तर गाडी करून येणार आहे. ती अजून विचारते, मंजू ते माणसाएवढं व्हायोलिन उभ्यानंच का वाजवते, तिला खुर्ची देत नाहीत का. मी म्हणालो, आत्या, खुर्चीवर बसली तर त्याच्यामागं दिसायची न्हाई ती.

मला आठवतं, तू ते वाद्य पहिल्यांदा घेऊन आलीस तेव्हा नांदेड स्टेशनवर मी आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन आलो होतो. तू रिक्षातच हटून बसली होतीस, म्हणजे बसलं होतं ते वाद्य, तू अर्धी बाहेर लोंबकळत होतीस आणि रिक्षावाला वाद्याचं वेगळं भाडं मागत होता. घरी आणून तू एक तार छेडलीस आणि देवघरातली घंटी आपोआप किणकिणली. तुझी आई हात जोडून उभी राहिली. मी मात्र मनात म्हणालो, याला स्पीकर कशाला लागतो?

तर डबा. तुझ्या अटी तुझ्या आईनं मला सांगितल्या. एका हातानं उचलता आला पाहिजे, रिक्षात वाद्याशेजारी मावला पाहिजे, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला स्पीकर ऐकू येऊ नये, वाद्य ऐकू यावं. तिसऱ्या अटीनं डोकं चक्रावलं. आमच्या धंद्यात बेस चांगला की वाईट हे शटर ठरवतं. समोरच्या दुकानाचं शटर थरथरलं की बेस चांगला, गिऱ्हाईक खूश. स्पीकर असून तो ऐकू येऊ नये ही कसली मागणी? तरीपण म्हटलं, पोरगी शिकून आलीय, असेल काहीतरी. नांदेडच्या गुलाम रसूलकडून दोन डबे पसंतीवर आणले. एक बारा इंची स्पीकरचा, पाठीला भोक असलेला. दुसरा त्याहून चिमुकला, आत आठ इंचाचे दोन आणि वर एक बारका ट्वीटर. ट्वीटर म्हणजे तुला माहीतच आहे, उंच बारीक आवाज काढणारा भोंगा, तारेवर बोट घसरतं, टिचकी लागते, ते सगळं त्यातून येतं.

तू पाठवलेल्या पेन ड्राइव्हवरचं रेकॉर्डिंग लावून मी तपासायला लागलो. अबुजर तेव्हा रेणापूरच्या लग्नांत अडकला होता, पण तो असता तरी मी त्याला हात लावू दिला नसता. इतकी वर्षं तो माझ्याबरोबर आहे, भावासारखा आहे, पण हे काम माझं. दोन्ही डबे भिंतीच्या कोपऱ्यात मांडले, कारण कोपऱ्यात बेस फुगतो हे आम्हाला बाळकडूच आहे. आवाज चढवला. बारा इंची असा घुमला की शेजारचा संगप्पा त्याच्या किराणा दुकानातून हातात माप घेऊन धावत आला. मला आनंद झाला. पण ऐकता ऐकता गोंधळ वाढला. सा कुठला नि प कुठला समजेना, सगळे सूर एकात एक शिजवल्यासारखे. लहान डब्याचं त्याहून बरं होतं, पण त्याचा ट्वीटर बंद. मी बटण फिरवलं, पूर्ण उजवीकडं, पूर्ण डावीकडं, काडीचा फरक नाही. उघडून वायर तपासली, ठीक. दुसरा ट्वीटर घातला, तोही मुका. तिसरा घातला. तो पण मेलेला. म्हटलं, बाजारात सगळा मालच खराब आला की काय?

मग काय, डबा छोट्या हत्तीत टाकून थेट नांदेड. गुलाम रसूलला चार लोकांत बोललो, की बाबा रे, माझ्या पोरीच्या कार्यक्रमाला असला मुका माल देतोस? त्यानं शांतपणे त्याचं कुठलं तरी गाणं लावलं, मी ट्वीटरचं बटण पूर्ण उजवीकडं फिरवलं, तर तो कानावर हात ठेवून म्हणाला, उमाशंकरभाऊ, कमी करा की, सुई टोचल्यासारखं होऊन राहिलं. दुकानातल्या दोन पोरी पण कान झाकून हसल्या. मला वाटलं, सगळे मिळून माझी मजा घेतायत. मी डबा उचलला, चहा न पिताच निघालो. गुलाम रसूलचा चहा नाकारला असं आजवर कधी झालं नव्हतं. वाटेत लोह्याच्या पुढं गाडी थांबवून मी नुसता बसलो. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना.

तसं बघितलं तर यंदा सगळंच चमत्कारिक चाललंय. लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. तुझी आई पूर्वी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी बोलायची, आता पुटपुटते, आणि मी काय म्हणालीस विचारलं की उलट माझ्यावरच डाफरते. मंदिरात आरतीला झांजा वाजतात त्या मला पत्र्याखाली दाबल्यासारख्या वाटतात. पाखरं सकाळी गप्प असतात. आणि फोन. बाई, तुझे फोन म्हणजे नुसती गुणगुण. कंपनी बदलली, मोबाइल बदलला, गच्चीवर जाऊन बोललो. तू बोलतेस, मी हाव हाव म्हणतो, मग फोन ठेवून तुझ्या आईला विचारतो, मंजू काय म्हणाली. तुझ्या आईला वाटायचं माझं लक्ष नसतं. मला वाटायचं बेंगळूरूला राहून तुझं बोलणंच भराभर झालंय.

मग अबुजर परत आला. मी रागानं त्याला म्हणालो, घे, तूच बघ हे मढं, काय होतंय ते. त्यानं रेकॉर्डिंग अगदी पहिल्यापासून लावलं. तुझं वाजवणं सुरू व्हायच्या आधी तू काहीतरी पुटपुटतेस ना, तेवढं झालं आणि त्यानं मशीन थांबवलं. माझ्याकडं बघितलं, कोपऱ्यातल्या डब्याकडं बघितलं. म्हणाला, मालक, ताई सांगून राहिली की डबा कोपऱ्यात ठेवू नका म्हणून, मग तुम्ही नेमका कोपऱ्यातच का ठेवला?

मंजू, मी ते रेकॉर्डिंग रोज ऐकत होतो. तू सुरुवातीला ताल मोजतेस असं समजत होतो. एक दोन तीन चार, तसलं काहीतरी. अबुजरला म्हणालो, गंमत करू नकोस, पुन्हा लाव. त्यानं पुन्हा लावलं. मी डोळे मिटले, कान डब्याला लावला. तुझा आवाज होता, तुझाच, वर जाणारा, खाली येणारा, मध्येच हसल्यासारखा. शब्द एकही नव्हता. तोंडात कापूस कोंबून बोलावं तसं. अबुजरनं तिसऱ्यांदा लावलं आणि तू एक वाक्य बोललीस की थांबवून तो मला ओरडून सांगायला लागला. डबा भिंतीपासून लांब ठेवा. जमिनीवर नको, स्टुलावर ठेवा. वाद्याच्या बरोबर मागं ठेवाल तर त्याचं पोट हादरून हुंकार सुरू होईल, म्हणून बाजूला आणि जरा पुढं. खालच्या सुरांचा गाळ थोडा कापा. आणि आप्पा, आवाज कमी ठेवा, तुमच्या सवयीनं नको. इथं अबुजर हसला. मी नाही हसलो. काखेत कळसा आणि मी नांदेडला वळसा घालून, एका भल्या माणसाला चोर ठरवून आलो होतो.

तू म्हणालीस तसं मग सगळं केलं. लहान डबा स्टुलावर, भिंतीपासून लांब, आवाज बोलण्याइतकाच. आणि काय सांगू, एकेक सूर आपल्या पायावर उभा राहिला. जाड तार वेगळी, बारीक तार वेगळी, तू जिथं सूर ओढून घेतेस तो ओढलेला सूर छातीत येऊन बसला. शटर हललं नाही, संगप्पा आला नाही, डबा कुठं आहे तेही विसरायला झालं. अबुजर म्हणाला, बोट घसरल्याचंसुद्धा ऐकू येतंय मालक, लाकूड ऐकू येतंय. मला लाकूड आलं, बोट नाही आलं. ट्वीटर त्यानं त्याच्या कानानं जुळवला. चालू आहे, म्हणे. तेव्हा डबा हाच ठरला. गुलाम रसूलला मी फोन लावून अबुजरकडं दिला, माफी माझी, बोलला तो. गुलाम रसूल म्हणाला, चहा उधार राहिला एवढं सांग त्यांना.

घरी आलो तर तुझ्या आईला अबुजरनं आधीच सगळं सांगितलेलं. तिनं मला दवाखान्यात नेलं, मुकाट्यानं, न भांडता, त्यावरूनच मी समजलो. तिथं एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. ऐकू आलं की दाबा. सुरुवातीला खालचे आवाज आले, मी दाबलं. मग मशीन बंद पडलं वाटतं म्हणून मी वाट बघत बसलो. लई वेळ बसलो. शेवटी दार उघडून ती मुलगी म्हणाली, झालं काका. काय झालं? मी अजून सुरू व्हायची वाट बघत होतो. डॉक्टरांनी सांगितलं की खालचे सूर बऱ्यापैकी शाबूत आहेत, वरचे गेलेत, आणि माणसाच्या बोलण्यातले शब्द वरच्या सुरांनी उमगतात. जन्मभर डब्यांपुढं उभं राहिल्याचं हे फळ. कानात घालायचं यंत्र मिळेल, बोलणं बरंच सुधारेल, पण गाण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका म्हणाले. तुझी आई जिन्यात रडली. मला रडू आलं नाही, मला वाटत होतं की इतके महिने सगळं जग मुकं झालं आणि मी एकटाच ठीक होतो, तेच बरं होतं. खोटं का बोलू, मला भीती वाटते.

आता हे पत्र का, ते सांगतो. रेकॉर्डिंगमधल्या त्या बोलण्यात सगळ्यात शेवटी तू जे म्हणालीस ते अबुजर आधी सांगेचना. मी खडसावलं तेव्हा म्हणाला. आपल्या लोकांपुढं वाजवायला हात कापतात, पण मिक्सरवर तुम्ही बसणार म्हणून मी नांदेडला हो म्हटलं, असं तू म्हणालीस. मंजू, मी मिक्सरवर बसणार नाही. मी बसलो तर जे मला येत नाही ते वाढवत जाईन, आणि हॉलभर लोक कान झाकतील, आणि मला वाटेल सगळं छान चाललंय. तिथं अबुजर बसेल. त्याचा कान चांगला आहे आणि तो तुला लहानपणापासून ओळखतो. डबा मी आणेन, स्टुलावर मी ठेवीन, बाजूला नि जरा पुढं. मग मला स्टेजवरच, पडद्याआड, तुझ्या वाद्याजवळ एक खुर्ची टाकून दे. तुझ्या बोलण्यातलं आता मला अर्धंही पोचत नाही, पण तू वाजवतेस ते खालच्या सुरातलं सगळं पोचतं. हात कापायला लागले तर मी तिथं आहे. हे चालेल का तुला? की तू नांदेड रद्द करशील? फोनवर विचारलं असतं तर तू काहीतरी म्हणाली असतीस आणि मी नेहमीसारखं हाव म्हणून मोकळा झालो असतो. या वेळी तू काय म्हणतेस ते मला खरंच कळायला पाहिजे. लिहून पाठव.

तुझाच,
आप्पा