मेहुणीला गाण्याची गरज आहे

बुधवार, ४ मार्च. संध्याकाळ
आजपासून कॉयर, म्हणजे गॉस्पेल गाण्यांचा गट. चर्चच्या मागचा हॉल. कोणीही यावं, आवाज कसाही चालेल, असं दारावर लिहिलंय. मला गरज नाही. मेहुणीला आहे. आमची ही गेल्यापासून ती फारच खचली आहे. बोलता बोलता मध्येच फोन ठेवते. बहिणीत एवढा जीव अडकलेला, तिला कोणीतरी बाहेर काढायला हवं. म्हणून मी.
लेकीला फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं बाबा, तुम्ही मावशीला नेत जा. मग तेच पुन्हा दोनदा म्हणाली. लाइन खराब असावी.
गॉस्पेल म्हणजे देवाचीच गाणी, पण टाळ्या वाजवत, डोलत. डोलणार नाही, हे आधीच सांगून टाकलं. शिकवणाऱ्या बाई पूर्वी फिजिओथेरपिस्ट होत्या. खांदे सैल सोडा म्हणाल्या. सोडलेलेच होते. तरी तीनदा म्हणाल्या.

गुरुवार, ५ मार्च. सकाळी
ठराव: रोज अर्धा तास रियाज. उच्चार स्वच्छ. मेहुणीला धीर.
नाश्ता: अंडं, टोस्ट. कालचाच. म्हणजे कालच्यासारखाच.
सोफ्यावर झोप बरी लागते. बेडरूममधली गादी पाठीला चालत नाही. तसं डॉक्टर म्हणालेले नाहीत, पण विचारलं तर म्हणतील.

शुक्रवार, ६ मार्च
रियाज केला नाही. शेजाऱ्यांचा विचार केला.

बुधवार, ११ मार्च
मला जाड आवाजवाल्यांत उभं केलं. शेजारी दाताचे डॉक्टर. पहिल्या गाण्यात ते एक पाऊल सरकले, दुसऱ्यात आणखी एक. माझ्या आवाजाला जागा दिली. जाणता माणूस.
मग बाई आल्या आणि माझ्या तोंडापाशी कान नेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही सगळं गाणं एकाच सुरात म्हणताय. चाल वर जाते ते ऐकू येतं का? मी म्हणालो, येतं. पण सगळेच वर गेले तर तळमजल्यावर कोणीतरी लागतं. सगळी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली, मला हे कळतं. लोक हसले. मी विनोद केला नव्हता. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ठीक आहे, सध्या तिथेच राहा, फक्त हळू.
दमदार आवाजवाल्याला हे ऐकून घ्यावंच लागतं.

बुधवार, १८ मार्च
आज गाणं कमी, बोलणं जास्त. गोल बसवलं. आपण इथे का येतो ते प्रत्येकाने सांगायचं. स्कूल बस चालवणारा म्हणाला, माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही, इथे निदान सगळे एकदम तोंड उघडतात. बेकरीवाल्या बाईंनी आईचं सांगितलं आणि रडल्या. टिश्यूचा डबा फिरला. माझ्याकडे आला, मी पुढे दिला.
माझी पाळी आली. म्हणालो, मी मेहुणीला सोबत म्हणून येतो. मेहुणी आपल्या बुटांकडे बघत होती. किती गरज आहे तिला, ते त्यातच दिसलं.
गाडीत तिने दोनदा नाक पुसलं. मी काच वर केली, गार वारा लागू नये म्हणून. मला स्वतःला काहीही झालं नाही. हिच्या वेळीही झालं नव्हतं. सगळी कामं मीच उरकली होती, लोक म्हणाले, काय धीराचा माणूस. काहींची घडणच मजबूत असते.
रात्रीचं सूप गेलं नाही. हॉलमधली बिस्किटं जड असतात.

बुधवार, २५ मार्च
बातमी. १२ एप्रिलला, रविवारी, हॉस्पिटलच्या लॉबीत कार्यक्रम. पेशंट, नातेवाईक, सगळ्यांसाठी. हॉस्पिटल तेच, ही शेवटी होती ते. मेहुणीने गाडीत विचारलं, भावोजी, तुम्हाला नको असेल तर आपण दोघं नाही जाऊ. मी म्हणालो, त्यात इमारतीचा काय दोष. खरं म्हणजे घाबरली होती तीच. माझ्यावर ढकलत होती. मी कानाडोळा केला.
एका गाण्यात दोन ओळी एकट्याने म्हणायच्या आहेत. त्या आपण घ्याव्यात असं ठरवतोय. मेहुणीला उभारी येईल.

बुधवार, १ एप्रिल
दोन ओळी बसवाल्याला मिळाल्या. मला बाईंनी राखीव ठेवलं असावं. तसं बोलल्या नाहीत. बोलून कसं चालेल, बाकीचे नाराज होतील.
टाळ्यांचंही आहे. बाई म्हणाल्या, तुमची टाळी सगळ्यांच्या नंतर पडते. नंतर पडते म्हणूनच ऐकू येते, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

शनिवार, ११ एप्रिल
उद्याची तयारी. पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. कॉलर पडूनच राहते. लेकीला विचारलं, ती म्हणाली, आई कॉलर आधी करायची, बाबा. असेल. मी कधी पाहिलं नाही.
बेत: मेहुणीच्या मागच्याच ओळीत उभं राहायचं. ती कोसळलीच तर खुर्ची जवळ हवी. दोन्ही खिशांत रुमाल, दोन्ही तिच्यासाठी.

रविवार, १२ एप्रिल. दुपारी चार
जसं झालं तसं लिहितो.
पहिलं गाणं बरं झालं. व्हीलचेअरवरचे एक आजोबा ताल धरत होते. मेहुणी ठीक होती. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला मागे लिफ्ट आली. दार बंद होताना घासल्याचा आवाज. असा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करणं मला जमत नाही. फक्त बघायला म्हणून आत गेलो. चौथ्या मजल्याचं बटन कोणी दाबलं ते सांगता येणार नाही. आत मी एकटाच होतो.
वर कॉरिडॉर तसाच. टेबलावरच्या नर्सने विचारलं, कोणाला भेटायचंय? मी म्हणालो, मिसेसना, खिडकीजवळचा बेड. तिने नाव विचारलं, मी सांगितलं. ती कॉम्प्युटरमध्ये शोधत राहिली. स्पेलिंग विचारलं, तेही सांगितलं. माझ्या तोंडून दुसरं काही निघेना. मग आतून मोठी सिस्टर आली. माझ्याकडे बघितलं, त्या मुलीला नको म्हणून मान हलवली, आणि मला खुर्ची आणून दिली. म्हणाली, बसा थोडं. पाणी देऊ का?
बसलो. लिफ्टच्या शाफ्टमधून खालचा आवाज वर येतो, ही साधी तांत्रिक गोष्ट आहे. बसवाल्याच्या दोन ओळी नीट ऐकू आल्या. चांगल्या म्हटल्या त्याने. मागे सगळे होते. खालचा सूर धरायला मी नव्हतो, तरी गाणं कुठे पडलं नाही.
रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. रुमाल घडीचे घडीच राहिले. पाणी प्यायलो, ग्लास परत दिला, जिन्याने खाली आलो.
लॉबीत आवराआवर चालली होती. दाताचे डॉक्टर म्हणाले, आज छान जमलं, नाही? मी हो म्हणालो.

तोच दिवस. संध्याकाळी
गाडीतलं लिहायचं राहिलं. मुद्दाम नाही.
मेहुणीने विचारलं, वर गेला होतात ना? मी लिफ्टचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, भावोजी, मी आता बुधवारी येणार नाही. मी म्हणालो, असं अर्ध्यावर सोडू नये, तुला बरं वाटायला लागलंय. ती म्हणाली, मला गाणं कधीच आवडलं नव्हतं. ताईला आवडायचं. तिथे बसलं की तीच समोर येते, घरी जाऊन मला पडून राहावं लागतं. मग का यायचीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुमच्या लेकीने हातापाया पडून सांगितलं होतं, बाबा एकटे जाणार नाहीत, तुझ्यासाठी म्हटलं तर जातील.
सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न दिला.
मी विचारलं, दारापर्यंत सोडू की कोपऱ्यावर? ती म्हणाली, कोपऱ्यावर चालेल. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गिअर टाकला.

मंगळवार, १४ एप्रिल
लेकीचा फोन आला. दोघंही हवापाण्यावर बोललो. तिला सगळं कळलेलं होतं, मला ते कळलं होतं.
ठराव: कॉयर सोडायचं. कारण: मेहुणीच येत नाही तर माझं तिथे काय काम.

बुधवार, १५ एप्रिल. सायंकाळी
गेलो. बाईंना प्रत्यक्ष सांगावं, फोनवर बरं दिसत नाही.
हॉलच्या गेटपाशी गाडी लावली. आत सुरू झालं होतं. कोणासाठी आलो असं सांगायचं, ते जुळवत बसलो. लिफ्टवाला म्हणून आलो म्हणावं, तर हॉलला एकच मजला. एक गाणं संपलं. दुसरं लागलं.
काचेवर टकटक झाली. दाताचे डॉक्टर. मला न्यायला बाहेर आले, असं वाटलं. बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. काच खाली केली. ते म्हणाले, गाडी जरा पुढे घेता का, माझी अडकली आहे, आज मला लवकर निघायचंय.
पुढे घेतली. पुढे घेतली ती थेट घरीच आली.
अजून कपडे बदललेले नाहीत. दोनदा नाक पुसावं लागलं. हवा बदलली आहे, त्याने असेल.