ऊठ इतवारी

१४ डिसेंबर, शनिवार

मी नाचले. हे आधी लिहून टाकते.

भंडाऱ्याला मैदानावर चंदनच्या बँडचा कार्यक्रम होता. चंदन माझ्याच कॉलेजातला, जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये राहतो, गिटार वाजवतो. उघड्यावर स्टेज, संध्याकाळची थंडी, समोर पोरापोरींची गर्दी. दोन-तीन हिंदी गाणी झाली. मग चंदन माइकवर म्हणाला, आता आपल्या तलावाकडचं एक गाणं. आणि काकीचं गाणं सुरू झालं!

आमच्या गावची यशोदाकाकी जाळं विणताना म्हणते ते. तिचा पोरगा इतवारी दोन वर्षांपूर्वी तलावात बुडाला, तेव्हापासून. 'ऊठ ना रे इतवारी, भात निवून गेला.' एवढंच, पुन्हा पुन्हा. हळू म्हणते. कोणी आलं की थांबते.

इथे ड्रम होते. पोरं उड्या मारून ओरडत होती — ऊठ इतवारी! ऊठ इतवारी! आधी मी मागे सरकले. मग तो ठोका छातीत शिरला, आणि मीही हात वर करून ओरडले. घाम येईपर्यंत नाचले. छान वाटलं — तेच टोचतंय.

१५ डिसेंबर

काकीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग माझंच. काकीच्या दाराआड उभी राहून मोबाईलवर केलं आणि चंदनला पाठवलं. 'काकीला विचारलंस ना?' असं त्याने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

१६ डिसेंबर

काकी शिंगाडे घेऊन आली. माझी मान वर होईना. बरं नाही का, म्हणाली. डोकं दुखतंय म्हटलं. आणखी एक खोटं.

१८ डिसेंबर, बुधवार

झालं. कार्यक्रमाचा व्हिडिओ गावभर फिरला. शेजारच्या दामिनीने काकीला नेऊन दाखवला. आई म्हणाली, जा, पाय धर तिचे.

गेले. काकी अंगणात बसली होती. जाळं मांडीवर, हात थांबलेले. मी सगळं सांगितलं — दाराआडचं, चंदनशी खोटं बोलले ते, नाचले तेसुद्धा. तिने जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुया मोबाईलमंदी हाय का थे? लाव."

लावलं. गाण्याकडे तिचं लक्षच नव्हतं, ती ओरडणाऱ्या पोरांची तोंडं बघत होती. संपलं की म्हणायची, अजून लाव. मीच रडत होते. ती नाही.

मी निघताना ती एक बोलली. ते आज लिहवत नाही.

१९ डिसेंबर

लिहिते.

"येवढ्या पोराइनं त्याचं नाव घेतलं. दोन सालात तू एकडाव तरी घेतलं का, ज्योत्सना?"

नाही घेतलं. तिच्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही, हे घरात आम्हीच ठरवलं होतं.