पान अकरा

३ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

तुम्ही तीस वर्षं चालवलंत, तसल्याच पत्रा दाबायच्या प्रेस मशीनचं इंग्रजी माहितीपुस्तक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पान अकरावर घोडं अडलंय. सफाईसाठी आत हात घालण्याआधी वीज बंद असल्याचं कामगाराने ‘चेक’ करावं, असं जुन्या प्रतीत आहे. मला तिथे ‘व्हेरिफाय’ हवंय. नुसतं बघणं वेगळं आणि खात्री करून घेणं वेगळं. साहेब म्हणतात, दोन्ही एकच, उगाच कीस पाडू नकोस. सोमवारी छपाई आहे, पण माझ्या सहीशिवाय ती होत नाही आणि मी सही करणार नाहीये. मग नोकरी गेली तरी चालेल.

तुम्ही मशीनवर नेमकं काय करायचात, ते कळवा. आणि अक्षर जरा बरं काढा. दारात सापडलेल्या दोन बोटांचं निमित्त आता जुनं झालं! ते दार पुन्हा आपटू नये म्हणून आई अजून त्याला पाचर लावते का?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची हट्टी लेक

६ मार्च

चि. हट्टी लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझे साहेब म्हणतात तसंच आम्हीही समजायचो. शब्द कुठलाही असो, लाल दिव्याकडे बघायचं. दिवा विझलेला, म्हणजे वीज बंद. एकदा मी तसंच बघून हात घातला. वीज चालू होती, दिव्याचा बल्ब गेला होता. कोपराने चालू करायचं बटण दाबलं गेलं. बोटं दारात सापडलीच नव्हती, पोरी. खरं सांगितलं असतं, तर तुझ्या आईने मला परत कामावर जाऊ दिलं नसतं.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी वीज बंद केली की मागे सरून मुद्दाम चालू करायचं बटण दाबायचो. मशीन हललं नाही, तरच हात आत. लोक हसायचे, मी हसू दिलं. हे पत्र साहेबांना दाखव. सही करू नकोस.

पाचर आहे.

तुझे बाबा

११ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग तुमच्यावर चिडले, मग साहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते शब्दकोश उघडून वाद घालायच्या तयारीत बसले होते. तो त्यांनी मिटला. छपाई एक दिवस पुढे ढकलली. आता तिथे ‘व्हेरिफाय’ आहे आणि त्याखाली तुमची रीत: मागे सरा, चालू करायचं बटण दाबा, मशीन हलता कामा नये. मग सही केली.

पहिली प्रत सोबत आहे. आईला इंग्रजी येत नाही, तेव्हा पान अकरा तुम्हीच तिला समजावून सांगा. ते कुणामुळे लिहिलं गेलं, तेही सांगा. बावीस वर्षं ती रोज सकाळी त्या बिचाऱ्या दाराला पाचर लावतेय, बाबा.

रागावलेली, पण तुमचीच,
लेक